अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

पावसानं ओढ दिली की परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात कोपऱ्यात पडलेलं डिझेल इंजिन बाहेर निघतं. विजेच्या मोटारी कधीच आल्या, २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनाही आली. तरी ऐन वेळी लाईट दगा देते, कापूस-सोयाबीन माना टाकू लागतं आणि जुनं पाच हॉर्सपॉवरचं धूड आठवतं. कित्येक महिने उभ्या असलेल्या या इंजिनाची पॅकिंगं वाळलेली, वॉशर चेपलेले. हँडल मारून खांदा भरून आला की ते मेकॅनिकच्या दारात येतं.

पुढे घाई होते. गिऱ्हाइकाला इंजिन संध्याकाळच्या आत हवं. नेमक्या मापाचं हेड पॅकिंग हाताशी नसतं, मग थोडं जाड बसवलं जातं आणि उरलेली जबाबदारी सिलिकॉनच्या ट्यूबवर सोपवली जाते. या सवयीला जुगाड म्हणणं हा जुगाडाचाच अपमान आहे.

किर्लोस्करचं एव्ही-१ घ्या. बोअर ८० मिलिमीटर, स्ट्रोक ११०, कॉम्प्रेशन साडेसोळाला एक. एका स्ट्रोकची जागा ५५३ घनसेंटिमीटर; पिस्टन वर पोहोचला की हवेला उरते जेमतेम ३६. पॅकिंग अर्धा मिलिमीटर जाड पडलं तर तिथे अडीच घनसेंटिमीटरची भर पडते आणि साडेसोळाचं कॉम्प्रेशन साडेपंधरावर येतं. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. रिंगा आधीच झिजलेल्या असतील तर थंड इंजिन हँडलला दाद देत नाही आणि दोष मात्र नोझलच्या माथी जातो. उलट, पॅकिंग पातळ पडलं तर पिस्टन हेडला भिडण्याचा धोका. म्हणून बंपिंग क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट, अंदाजानं नव्हे, मोजून धरायचा: पिस्टनच्या माथ्यावर शिशाची तार, हेड कसलेलं, फ्लायव्हील हातानं फिरवलेलं, आणि चेपलेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरवर. कमी-जास्त वाटलं तर फरक बोअरखालच्या पातळ शिमनी काढायचा.

नोझलखालच्या तांब्याच्या वॉशरचंही तेच. जुन्यावर नवा चढवला की नोझलचं टोक वर सरकतं आणि डिझेलचा फवारा नको तिथे पडतो. नवा मिळत नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावा. तांबं पुन्हा मऊ होतं.

आता सीलंट. ट्यूबमधलं सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्याची हवा किती कोरडी असते हे सांगायला नको. थर वरून वाळलेला दिसतो, आतून कच्चाच असतो. रात्रभर थांबण्याला पर्याय नाही. भाकरीवर लोणी थापावं तसा थर दिला की निम्मा आत ढकलला जातो, त्याचे तुकडे सुटतात आणि ऑईलच्या जाळीवर जाऊन बसतात. टॅपेट कव्हर किंवा चेंबर, एवढीच त्याची जागा. डिझेलच्या जोडावर साधं सिलिकॉन फुगतं, आणि हेड पॅकिंगवर ते मुळीच नको; तिथे लागतो सपाट पृष्ठभाग, जो स्टीलची पट्टी आणि फिलर गेज सांगतात. हेडचे नट समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत, कंपनीच्या पुस्तकातल्या टॉर्कवर कसावेत. इंजिन एकदा तापून निवलं की पुस्तकात दिल्याप्रमाणे ते पुन्हा तपासून टॅपेट लावावेत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जुन्या हेड पॅकिंगांत तांब्याच्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर कर्करोग होऊ शकतो, आणि तो अनेक वर्षांनी उमटतो. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसवर सरसकट बंदी नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं कामगारांच्या संरक्षणासाठी निर्देश दिले, पण ते गावातल्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोहोचलेले दिसत नाहीत. तिथे अजूनही ग्राइंडरला वायर ब्रश लावून पॅकिंग उडवलं जातं. ते पाण्यानं भिजवून स्क्रॅपरनं काढावं, ओलं असतानाच पिशवीत बांधावं, आणि फुंकर तर अजिबात मारू नये.

परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. सौर पंपांच्या प्रात्यक्षिकांबरोबर गावोगावच्या डिझेल मेकॅनिकांसाठी दोन दिवसांचा वर्ग त्यानं भरवावा, आणि तोही पेरणीच्या आधी, जेव्हा ही मंडळी जरा मोकळी असतात.