मोत्या आणि परसातली घूस

पावसाळ्यातल्या आजारांवर मागे लिहिले होते, त्यावर एका ताईंचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "घरात घुशी फार झाल्यात. चुलीमागची जमीन पोखरली. मुलं कुत्रा पाळू म्हणतात, सासरे म्हणतात औषध टाका. तुम्ही काय सांगता?" दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून आजची सगळी जागा या पत्रालाच देते.

आमचे घर दौंडला, रेल्वे लाईनीपासून फार लांब नाही. मागे अर्धा गुंठा परस असेल. शेवगा, दोन पपया, कढीपत्ता आणि मोरीच्या पाण्यावर अळू. चोहीकडे ऊस. ऊसतोड सुरू झाली की शेतातल्या घुशी वस्तीकडे सरकतात. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरले की पुन्हा सरकतात. म्हणजे आमच्याकडे वर्षातून दोनदा पाहुणे.

मोत्या आमचा गावठी कुत्रा. अंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. परस म्हणजे त्याची चौकी. शेवग्यावरची खार त्याला रोज चिडवते. ती फांदीवर शेपटी उडवीत ओरडते, हा खाली भुंकतो. सात वर्षांत एकदाही सापडली नाही, तरी याची आशा सुटत नाही.

चिचुंद्री मात्र त्याने एकदाच धरली आणि लगेच थुंकली. तिच्या अंगाला उग्र वास असतो. पुष्कळ लोक तिला उंदीर समजून मारतात, पण ती उंदराच्या जातीची नाही. लांब टोकदार नाक, चिक् चिक् आवाज, भिंतीच्या कडेकडेने पळणे, ही तिची ओळख. ती झुरळे आणि किडे खाते. आमच्या मोरीत झुरळे कमी आहेत ती तिच्यामुळेच असावीत, असे मला वाटते.

बेडकाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. अंगावर पुटकुळ्या असलेला तो मोठा बेडूक मोत्याने तोंडात धरला. त्या बेडकाच्या कातडीतून विषारी चीक सुटतो. मोत्याच्या तोंडाला फेस आला, तो डोके झटकू लागला, आणि शेजारून ओरडा झाला, "पिसाळला! पिसाळला!" दोघेजण काठ्या घेऊन आले. बेडूक पायरीवरच बसलेला होता म्हणून कुत्रा वाचला. यांनी त्याचे तोंड खाली धरून पाण्याने धुतले. तासाभरात तो भाकरी मागू लागला. मोत्याला रेबीजची लस दर वर्षी दिलेली होती, म्हणून मी यांना त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ दिला. लस नसती तर दिला नसता, हेही सांगून ठेवते.

मुंगूस आले की मोत्या गुरगुरतो. ते अंगावरचे केस फुलवून दुप्पट होते, मग हाच चार पावले मागे. मुंगूस उंदीर खाते, घुशीची पिल्ले खाते, सापही मारते. शेजारच्या काकूंची कोंबडीची पिल्लेही नेते, म्हणून काकूंचे मुंगसाविषयी मत वेगळे आहे. ते मी खोडून काढणार नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोंबड्यांचे खुराडे बंद ठेवणे हाच उपाय.

धामण दोनदा आली. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, "उंदरं खाया आलीया, जाऊ द्या तिला." धामण बिनविषारी, आणि उंदीर खाण्यात तिचा हात धरणारे कोणी नाही. पण लांबून बघून धामण की नाग हे ठरवण्याच्या भानगडीत पडू नये. कुत्र्याला बांधावे, मुलांना आत घ्यावे, सर्पमित्राला फोन करावा. चावलाच, तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. सापाच्या विषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते.

आता घूस. तिच्या इंग्रजी नावाचे मूळ तेलुगूत आहे, अर्थ डुक्कर-उंदीर. चिडली की ती खरेच डुकरासारखी घुरघुरते. मोत्याने पहिली घूस धरली तेव्हा तिने त्याचे नाक फोडले. पुढे तो शिकला, मानेला धरून एक झटका देतो. ताई, कुत्रा घुशी मारतो हे खरे. पण घुशी संपवतो हे खरे नाही. तो एक मारतो तोवर बिळात सात-आठ जन्मतात, तीन आठवड्यांत मादी विते. मुंबई महापालिकेने तर रात्री काठी आणि बॅटरी घेऊन उंदीर मारणारे कामगार ठेवले, एका रात्रीत 30 उंदीर मोजून देण्याच्या अटीवर. तरी मुंबईतले उंदीर सरले नाहीत, कारण कचरा सरला नाही.

औषधाबद्दल लिहायला हात जड होतो. मोत्याच्या आधी आमच्याकडे राजा होता. औषध दुसऱ्या कुणी नाही, आम्हीच टाकले. कणकेच्या गोळ्या मी वळल्या. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पंचशील म्हणता आन् इखाच्या गोळ्या वळता व्हय?" मी म्हटले, पोतंभर गहू घुशीने नासला, तो कोण भरून देणार? गोळ्या बिळात टाकल्या, कुत्र्याला पोचणार नाहीत अशा. दोन दिवसांनी एक घूस लडबडत बाहेर आली. राजाने ती धरली आणि खाल्ली.

त्या दिवशी काही झाले नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणून आम्ही निर्धास्त. चौथ्या दिवशी तो उठेना. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त, शी काळी. जनावरांच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणतं? पुडकं आणलंय?" पुडके आम्ही चुलीत जाळले होते. ते औषध रक्त गोठू देत नाही. त्यावर व्हिटॅमिन के-1 चा उतारा आहे, पण तो वेळेत आणि काही आठवडे द्यावा लागतो. आम्ही उशीर केला. दुसरे एक काळ्या पुडीचे औषध मिळते, झिंक फॉस्फाईड, त्याला तर उताराच नाही. घुबडेही अशाच मेलेल्या उंदरांनी मरतात. घरात रांगते मूल असेल तर मी आणखी काय सांगू?

औषध वापरायचेच, असे सासऱ्यांचे ठरले असेल, तर पुडके जपून ठेवा, मेलेले जनावर रोज सकाळी शोधून खोल पुरा आणि कुत्रा बांधून ठेवा. आम्ही मात्र त्यानंतर वापरले नाही.

आम्ही काय केले? धान्य पत्र्याच्या झाकणाच्या पिंपात ठेवले. मोरीजवळचा विटांचा ढीग हलवला, त्यातच तिचे घर होते. बिळात काचेचे तुकडे आणि खडी ठोकून वर सिमेंट लिंपले. मोत्याचे उरलेले अन्न रात्री उचलतो. हे महत्त्वाचे, कुत्र्याच्या थाळीवर घुशीच जास्त जेवतात. भज्याचा तुकडा लावून पिंजरा ठेवतो. पहिल्या महिन्यात नऊ सापडल्या. आता पावसाळ्यात एखादी येते.

एक धोका राहतोच. घुशी-उंदरांच्या लघवीतून लेप्टोचे जंतू पाण्यात आणि ओल्या चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून अंगात शिरतात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईत ही साथ पसरली होती. कुत्र्याला हा आजार होतो आणि त्याच्या लघवीतून माणसालाही लागतो. म्हणून रेबीजबरोबर लेप्टोचीही लस आहे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. आपल्यात नालीत, गटारात, सफाईच्या कामावर, उसात राबणारे कमी नाहीत. त्यांनी गमबूट मागून घ्यावेत, तो हक्क आहे. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल, मग पिवळे, असे दिसले तर कामाचे स्वरूप डॉक्टरांना आपणहून सांगावे. लवकर कळले तर साध्या गोळ्यांनी बरे होते.

ताई, पिल्लू जरूर आणा, मुलांना सोबत होईल. घुशींसाठी म्हणून आणू नका. तुमच्या चुलीमागे बीळ किती खोल गेले आहे आणि भिंत मातीची आहे की विटांची, तेवढे कळवा. मातीच्या भिंतीला ज्यांनी काही उपाय करून पाहिला असेल त्यांनीही लिहावे, इथे छापू.