‘यू’ एकच, मग आदर कोठे?

सांगलीच्या मार्केट यार्डात माझ्या एका स्नेह्यांची हळदीची पेढी आहे. गेल्या महिन्यात साताऱ्याहून त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते खिन्न दिसले. परदेशातील एका जुन्या ग्राहकाची रक्कम थकली होती. चिरंजीवांनी त्यास संदेश धाडला : ‘सेंड पेमेंट टुडे.’ रक्कम आली. पुढची ऑर्डर मात्र आली नाही.

‘‘काका, मी एकही वाईट शब्द लिहिला नव्हता,’’ मुलगा म्हणाला. ते खरेच होते. शब्द निर्दोष होते, सूर चुकला होता.

मराठीत तू, तुम्ही, आपण अशा पायऱ्या आहेत. ‘पाठव’, ‘पाठवा’, ‘पाठवावे’ या क्रियापदांतूनच नाते कळते. इंग्रजीतही पूर्वी सलगीचा ‘दाऊ’ होता. सतराव्या शतकानंतर तो नित्याच्या शिष्ट बोलण्यातून मागे पडला आणि सर्वांसाठी ‘यू’ उरला. त्यामुळे तेथे आदर वाक्याच्या घडणीत शोधावा लागतो. आज्ञेचा प्रश्न केला की सूर मृदू होतो : ‘कुड यू प्लीज सेंड द पेमेंट बाय फ्रायडे?’ नुसते ‘प्लीज सेंड’ ही आज्ञाच, फक्त सौम्य.

दुसरी खूण शब्दांची. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दीर्घकाळ दरबारी व्यवहारात फ्रेंच भाषेचा वरचष्मा राहिला. म्हणून ‘आस्क’ घरगुती, तर ‘रिक्वेस्ट’ औपचारिक. तसेच ‘बाय’ आणि ‘परचेस’. आपल्याकडे ‘मिळाले’ आणि ‘प्राप्त झाले’ यांत हाच भेद आहे. ‘कान्ट’ हे जोडरूप बोलण्यातले. करारपत्रात ‘कॅनॉट’ शोभते.

तिसरी खूण मायन्याची. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ‘डिअर सर’ने आरंभलेले पत्र ‘युअर्स फेथफुली’ने संपते, नावाने आरंभलेले ‘युअर्स सिन्सिअर्ली’ने. समोरून ‘हाय’ आले, तर तो अवमान समजू नये. ती बहुधा सलगी असते. उलट, निकटच्या माणसास अतिऔपचारिक लिहिले, तर तो दुरावा मानतो. बँकेत मी आयुष्यभर ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहिले. आपल्याकडे ते शिष्टसंमत. पण आजच्या इंग्रजाच्या कानाला ते जुनाट वाटते.

तरुण वाचकांना एक उपाय सुचवतो. इंग्रजी वाक्य धाडण्यापूर्वी ते मनात मराठीत उतरवावे. ‘पाठव’ असे ऐकू आले, तर थांबावे. नव्या ओळखीत औपचारिक सुरानेच आरंभ करावा. समोरचा मोकळा झाला, की आपणही व्हावे.

त्या दुपारी आम्ही तिघांनी नवे पत्र लिहिले. आधी रक्कम पोचल्याबद्दल आभार, मग घाईच्या शब्दांबद्दल दिलगिरी, शेवटी नव्या हळदीचा भाव. पाठवण्यापूर्वी मुलाने ते वडिलांना मराठीत वाचून दाखवले. ते म्हणाले, ‘‘आता हे आपल्या पेढीचे पत्र वाटते.’’