तेराव्या अंकाचा ताळा

मालाच्या पुड्यावर छापलेल्या काळ्या रेघांकडे आता कोणी निरखून पाहत नाही. दुकानातील मुलगा लाल उजेडाचे यंत्र त्यांवर रोखतो आणि भाव पडद्यावर उमटतो. त्या रेघांखालील तेरा अंकांपैकी शेवटच्या अंकाविषयी आज लिहावयाचे आहे. जुन्या पेढीवर मुनीमजी जे काम करीत, तेच तो करतो.

हिशेब तपासण्यासाठी आपल्याकडे नवाचा ताळा घेत. रीत झटपट, पण तिच्यात एक उणीव होती. ८९ च्या जागी ९८ पडले, तरी अंकांची बेरीज तीच राहते आणि ताळा निमूटपणे जुळतो. (खतावणीतील फरकाला नवाने भाग जाऊ लागला, की अंक उलटले असावेत हे अनुभवी मुनीम ओळखीत, पण फरक दिसायला दुसरी वही हवी.)

बारकोडात ही उणीव बरीचशी भरून काढली आहे. ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक मिळवले की २८ होतात. उरलेल्यांची बेरीज ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. पुढचा दहाचा पूर्णांक गाठण्यास जो अंक लागेल तो तेरावा. येथे तो शून्य. आता शेवटचे ८ आणि ९ उलटे लिहा. बेरीज १२८ येते, तेरावा अंक २ हवा होता. यंत्र क्रमांक नाकारते. एखादा अंक चुकला तर तो हमखास सापडतो. शेजारचे दोन अंक उलटले, तर त्यांच्यात पाचाचे अंतर असल्यासच चूक निसटते.

ही कल्पना रुजायला वेळ लागला. अमेरिकेतील नॉर्मन जोसेफ वुडलँड यांना मोर्सच्या ठिपक्या-रेघांवरून समुद्रकाठच्या वाळूत बोटे ओढताना ती सुचली. बर्नार्ड सिल्व्हर यांच्यासह त्यांना १९५२ साली पेटंट मिळाले. पण त्यांच्या यंत्रात ५०० वॅटचा दिवा होता. स्वस्त लेझर आणि अर्धवाहकांच्या चकत्यांवरील मंडले येईपर्यंत ते दुकानात मावण्याजोगे नव्हते. २६ जून १९७४ रोजी ओहायोतील ट्रॉय गावी च्युइंग गमचे पाकीट अशा रीतीने प्रथम विकले गेले.

जालन्याला हा विषय दूरचा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको स्थापन केली आणि बियाण्याची पिशवी ही या गावची ओळख झाली. बियाण्याचा माग लागावा म्हणून केंद्र शासनाने २०२३ मध्ये ‘साथी’ ही व्यवस्था आणली. तिच्यात पिशवीवरील क्यूआर चिन्हातून बियाणे कोठून आले ते कळते. मात्र तेरावा अंक क्रमांकाची शुद्धता तपासतो, पिशवीतील दाण्याची नव्हे. पेरणीनंतर उगवण झाली नाही, तर शेतकरी यंत्राकडे नाही, आपल्या दुकानाकडे येतो.

आणखी एक गैरसमज व्यापाऱ्यांतही आढळतो. ८९० ने आरंभ होणारा क्रमांक म्हणजे माल भारतात तयार झाला, असे नव्हे. तो क्रमांक जीएस१ इंडिया या संस्थेने दिला, एवढाच त्याचा अर्थ.

स्वतःचा माल बांधणाऱ्यांनी छापखान्यात एक गोष्ट बजावून सांगावी. यंत्राचा उजेड लाल असल्याने लाल किंवा केशरी रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात. वेष्टनावर शोभतात म्हणून तशा छापल्या, तर मोठ्या दुकानातून अख्खी खेप परत येऊ शकते. काळ्या किंवा गर्द निळ्या रेघा घ्याव्यात आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी.