उजेड फुकट आहे, बांध नाही

जुलैच्या शेवटच्या रविवारी आम्ही बाराजण फोटो काढायला कामशेतला गेलो. फोटो मॅगझिनच्या कव्हरसाठी हवा होता. मेसचा नाश्ता चुकवायचा नाही या एकमेव नियमामुळे लोकल उशिराची पकडली आणि भाताच्या खाचरांत पोचेपर्यंत बारा वाजून गेले. पावसाने उघडीप दिलेली, ऊन लखलखीत. आम्ही खूश! दीडशे-दोनशे फोटो काढले. रात्री होस्टेलवर कॉम्प्युटरवर पाहिले तर प्रत्येकाच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे आणि मागचा डोंगर पांढराफटक. एकही फोटो कामाचा नव्हता.

पण हे पुराण फोटो बिघडले म्हणून लावलेलं नाही. बाराजण एका बांधावर ओळीने उभे राहिलो आणि बांध एका जागी खचला. वरच्या खाचरातलं पाणी खालच्यात धो धो जायला लागलं. लांबून एक काका धावत आले, काही न बोलता चिखलात बसले आणि हाताने माती लावत राहिले. आम्ही "सॉरी काका" म्हणालो. ते एवढंच म्हणाले, "फोटू काढा की पोरांनो, पर आधी इचारायचं तरी." नुकती लावलेली रोपं, टाकलेलं खत, तुंबवलेलं पाणी, सगळं त्या एका बांधाच्या भरवशावर असतं, हे त्या दिवशी कळलं.

माझं मत असं की आपली फोटोग्राफी कॅमेऱ्यात चुकत नाही, रेकीत चुकते. गंमत म्हणजे रेकी आपल्याला शिकवलेली आहे. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला थिओडोलाइट लावायच्या आधी साइटवर नुसतं फिरून या, असं सर सांगतात की नाही? जर्नलमध्ये लिहायचं आणि विसरायचं, हा आपला खाक्या.

रेकीत बघायचं काय? पहिली गोष्ट सूर्य. आपल्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कपाळाची सावली डोळ्यांत पडते, म्हणून ते काळे खड्डे. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी जेमतेम ४८ अंशांवर असतो, तेव्हा बाराला सुद्धा निभावतं. दुसरं, आपल्याकडे सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो, युरोपातल्यासारखा तिरका रेंगाळत नाही. क्षितिजापासून सहा अंशांवर आला की साधारण पंचवीस मिनिटांत खेळ खल्लास. त्यात कामशेतच्या आजूबाजूला डोंगर. पश्चिमेला डोंगर असेल तर पंचांगातल्या सूर्यास्ताच्या किती आधी ऊन जातं, हे तिथे एक संध्याकाळ उभं राहिल्याशिवाय समजत नाही. ढगाळ दिवस मात्र फुकट घालवू नका. अख्खं आभाळच मोठा डिफ्यूझर होतं आणि चेहरे छान येतात. ऊन असेल तर होस्टेलची पांढरी चादर रिफ्लेक्टर म्हणून चालते (धुतलेली असली तर).

दुसरी गोष्ट जागेचं तोंड. कामशेत-पवनानगर रस्त्यावरची बेडशाची लेणी पूर्वाभिमुख. सकाळचं कोवळं ऊन त्या उंच खांबांवर, वरच्या हत्ती-घोड्यांवर थेट पडतं. दुपारनंतर गेलात तर सगळं सावलीत. उलट कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे बघतात, तिथे संध्याकाळच हवी. एवढी एक ओळ माहीत असली तर अख्खा रविवार वाचतो. ही लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत आणि ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, हेही आधीच विचारून ठेवावं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जागा कुणाची आणि पाणी कसलं? ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण वाहून गेले. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चारजण गेले. दोन्ही रविवारच, दोन्ही पावसाळ्यातले. यातलं कुणी मरायला गेलं नव्हतं, आपल्यासारखेच फिरायला गेले होते. फ्रेम चांगली दिसते म्हणून दगड घट्ट असतो असं नाही. वरच्या अंगाला पाऊस झाला की पाणी किती वाढतं, हे गावातला माणूस सांगतो, व्ह्यूफाइंडर सांगत नाही.

आता कुणी म्हणेल, सबमिशनच्या धबडग्यात दोन-दोन चकरा कुणाला परवडतात? कबूल. पण सगळ्या बाराजणांनी जायची गरजच नाही. दोघांनी आधीच्या आठवड्यात जावं, कॅमेरा खोलीवर ठेवून. वही आणि होकायंत्र न्यावं. कुठे किती वाजता उजेड येतो, शेत कुणाचं, वाट कुठली, हे एका पानावर लिहावं. लोकलचं तिकीट एका वडापावाहून फार महाग नाही.

म्हणून पुढच्या वर्षीच्या स्पर्धेसाठी माझी सूचना : प्रत्येक फोटोबरोबर हे रेकीचं पान जोडणं सक्तीचं करावं, आणि ज्याच्या शेतात फोटो काढला त्याला विचारलं होतं का, हा त्यातला पहिला रकाना असावा. तो रिकामा असेल तर फोटो कितीही भारी असला तरी बाद. फोटोग्राफी क्लबच्या सरांनी यावर जरूर विचार करावा.

नंतर मी एकदा सकाळच्या पहिल्या लोकलने एकटाच गेलो. काका खाचरातच होते. त्यांना विचारलं, तर त्यांनीच कडेची पक्की वाट दाखवली आणि म्हणाले, थोडं थांब, ऊन आत्ता त्या टेकाडावरून खाली येईल. आलं. पाण्यात अख्खा डोंगर उतरला. यंदाचं कव्हर तेच आहे.

छापील अंक त्यांना नेऊन द्यायचाय. कोण येतंय?