उसनी थोरवी

सिल्वासाच्या परिसरातील वारली चौकाविषयी कौतुकाचे चार शब्द बोलावयाचे झाले, की "युरोपच्या आधीच आमच्या वारल्यांना अमूर्त कला ठाऊक होती" असे म्हणण्याची रीत आपल्या सुशिक्षितांत पडली आहे. ऐकावयास हे गोड लागते. परंतु त्यात वारल्यांचा मान नाही आणि युरोपीय कलेची जाणही नाही.

त्या कलेचा पक्ष प्रथम नीट ऐकावा. १९३० साली पॅरिसमध्ये पाच कलावंतांनी 'काँक्रीट कले'चा जाहीरनामा काढला. त्यांत हॉलंडचा थिओ व्हान डूसबर्ग होता, तसाच स्वीडनचा ओटो कार्लसुंडही होता. चित्रातील रंगाला व आकाराला स्वतःपलीकडे अर्थ नसावा, ही त्यांची प्रतिज्ञा. पुढे स्वीडनच्याच ओले बेअर्टलिंगने (१९११–१९८१) काळ्या रेषांनी बांधलेले तीक्ष्ण त्रिकोण रंगविले. त्यांची टोके चौकटीबाहेर निसटून जातात. हा त्याचा 'खुला आकार'. तो त्रिकोण डोंगर नव्हे, देऊळ नव्हे, देवीही नव्हे.

आता लग्नघरातील चौक पाहा. सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी तो लिहितात. मध्यभागी पालघट देवी असते, धवलेरी गाणी म्हणते, आणि चौकावाचून लग्न लागत नाही. टोकाला टोक भिडवलेले दोन त्रिकोण म्हणजे येथे माणसाचे अंग! बेअर्टलिंग जो अर्थ चित्राबाहेर घालवितो, त्याच अर्थासाठी सुवासिनी हात पिठात बुडविते. ती त्याची पूर्वज कशी ठरावी?

"आकार तर सारखेच ना?" असे कोणी म्हणेल. देव्हाऱ्यातील बाण आणि नदीतील गोटा यांचाही आकार सारखाच असतो. म्हणून देवळात जाणारा मनुष्य दोघांना सारखेच लेखतो काय?

अर्थमुक्त चित्रकलेचा अभिमानच मिरवावयाचा असेल, तर गोमंतकीय कुळातील वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) आपल्यात होऊन गेले. त्यांची चित्रे पाहून "हे कशाचे चित्र?" म्हणून नाक मुरडावयाचे आणि थोरवीचे ओझे मात्र वारली बाईच्या डोक्यावर द्यावयाचे, हा कुठला न्याय?

या उसन्या थोरवीची किंमत चौकालाच मोजावी लागते. तो एकदा 'शुद्ध आकार' ठरला, की देवी पुसून नक्षी तेवढी छापावयास कोणीही मोकळा. १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांनी वारली आकार कागदावर आणले. पण त्यांतही शेत, नाच आणि मासेमारीचे जाळे राहिले. सभामंडपाच्या भिंती वारली आकृतींनी सजविण्याचा उत्साह ज्यांना आहे, त्यांनी रंगाचा डबा उघडण्यापूर्वी एवढेच विचारावे: या चौकातील देवी कोणती, आणि तो लिहिण्याचा अधिकार कोणाचा?