मलेरियाचे बळी किती? आकड्यांचा घोळ कायम
भाईंदर, प्रतिनिधी - इमारतींच्या गच्चीवरील उघड्या टाक्या आणि बांधकामांवर साचलेले पाणी ही शहरी मलेरिया पसरविणाऱ्या डासाची हक्काची ठिकाणे. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोकसारख्या वसाहतींत दोन्हींची वानवा नाही. मात्र या तापाने नेमके किती जण दगावतात, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही एका दप्तरात सापडत नाही.

देशपातळीवरील तफावत तर थक्क करणारी आहे. भारतात सत्तरीच्या आतील सुमारे २ लाख ५ हजार जण दरवर्षी मलेरियाने मरत असावेत, असा निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'मिलियन डेथ स्टडी'ने काढला. जागतिक आरोग्य संघटनेचा तेव्हाचा अंदाज होता १५ हजारांचा, तर सरकारी नोंद जेमतेम हजाराची. एकाच रोगाबाबत दोनशे पटींचा फरक!

या अभ्यासात २००१ ते २००३ मधील मृत्यूंची माहिती घरोघर जाऊन नातेवाइकांकडून घेण्यात आली आणि ती वाचून डॉक्टरांनी कारण ठरविले. मलेरियाचे ठरविलेले ८६ टक्के मृत्यू रुग्णालयाबाहेरचे होते. संघटनेचा आक्षेप याच पद्धतीवर होता. नातेवाइकांच्या आठवणीतून मलेरियाचा ताप इतर तापांपासून वेगळा कसा काढणार? आक्षेप रास्तच आहे. पण रक्ततपासणीत सिद्ध झालेलाच मृत्यू मोजायचा, हे दुसरे टोक झाले. प्रयोगशाळेपर्यंत न पोचलेला रुग्ण मग आकड्यांतही पोचत नाही.

शहरात तरी चित्र स्पष्ट असावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात तापाच्या रुग्णाला आधी जवळच्या दवाखान्यात गोळ्या मिळतात. नंतर रक्त तपासले, तरी परजीवी सापडतीलच असे नाही. प्रकृती ढासळली की मुंबईतील रुग्णालय गाठले जाते. कायद्यानुसार नोंद मृत्यू झाला तेथे होते. रुग्ण मीरा-भाईंदरचा असला तरी. प्रमाणपत्रावर 'अवयव निकामी झाल्याने मृत्यू' एवढेच लिहिले आणि मूळ कारणाची ओळ कोरी राहिली, तर मलेरिया कागदावरून नाहीसा होतो. त्यातही देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी २०२० मध्ये जेमतेम साडेबावीस टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते.

बळी घटले आहेत, यात शंका नाही. पण २०२३ साठी सरकारी नोंद ८३ मृत्यूंची, तर संघटनेचा अंदाज सुमारे साडेतीन हजारांचा. देशाला २०३० पर्यंत मलेरियाचे उच्चाटन करायचे आहे आणि त्यासाठी स्थानिक रुग्ण शून्यावर यावे लागतात. खासगी दवाखान्यांतील रुग्ण कळविलेच गेले नाहीत, तर हे शून्य कागदावर लवकर दिसेल.