जंताच्या औषधाला दुसरे काम



घरातला औषधाचा डबा उघडला की दोन गोळ्या हमखास सापडतात. एक जंताची, मुलांना शाळेत किंवा अंगणवाडीत देतात तशी. दुसरी अँटिबायोटिकची, मागच्या दुखण्यातून उरलेली. पहिली पोटातल्या परजीवींसाठी, दुसरी जिवाणूंसाठी. दोघींचे काम वेगळे, असेच आपण समजतो आणि रोजच्या उपचारात ते बरोबरही आहे. पण अँटिबायोटिकला दाद न देणारे जिवाणू वाढत चालले, तसे शास्त्रज्ञ आता जंताच्या औषधांकडे नव्या नजरेने पाहू लागले आहेत.

या प्रश्नाचे गांभीर्य आधी पाहू. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतरचा ताप, नवजात बाळाचा जंतुसंसर्ग, मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम, ऑपरेशनचे टाके अशा साध्या वाटणाऱ्या गोष्टी यामुळे अवघड होतात. नवे अँटिबायोटिक तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे आणि अफाट पैसा लागतो. त्यात कंपन्यांना नफा कमी, म्हणून नवी औषधे फार थोडी येतात. मग जे औषध आधीच बाजारात आहे, ज्याचे गुणदोष ठाऊक आहेत, त्याला दुसरे काम देता येईल का, असा हा विचार आहे.

हे आधीही घडले आहे

मेट्रोनिडॅझोल हे नाव आपल्या घरांत नवे नाही. आव पडली, दाढ सुजली की डॉक्टर ही गोळी लिहून देतात. तोंड कडवट होते, धातूसारखी चव येते, तीच ही. १९६०च्या सुमारास फ्रान्समधल्या एका कंपनीचे हे औषध वापरात आले ते ट्रायकोमोनास या परजीवीसाठी. स्त्रियांना पांढरे जाण्याचा त्रास होतो, त्याच्या कारणांपैकी हे एक. १९६२ साली शिन नावाच्या एका इंग्रज दंतवैद्याने एक गोष्ट नोंदवली. या त्रासासाठी गोळ्या घेणाऱ्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा चिघळलेला आजारही बरा झाला होता. हिरड्यांमध्ये तर परजीवी नव्हता, होते ते हवेशिवाय वाढणारे जिवाणू. परजीवीचे औषध त्या जिवाणूंनाही मारते, हे तिथून कळत गेले. आज पोटाच्या ऑपरेशनपासून दातांच्या गळवापर्यंत ते वापरले जाते.

आजार आहे तिथे इलाजही ठेवलेला आहे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. कधी तो इलाज हाताशीच असतो, फक्त त्याच्याकडे पाहणारी नजर लागते. त्या दंतवैद्याने रुग्णाचे बोलणे नीट ऐकले, एवढेच.

आता कशाची तपासणी चालू आहे?

सध्या सर्वात जास्त चर्चा निक्लोसामाइडची आहे. पट्टकृमी, म्हणजे आतड्यातला लांब फितीसारखा जंत, मारण्यासाठी हे औषध १९६०च्या दशकापासून वापरतात. त्याच्याच कुळातली ऑक्सिक्लोझॅनाइड आणि क्लोझँटेल ही औषधे जनावरांची आहेत. बकऱ्या-मेंढ्या पाळणाऱ्यांना यकृतातल्या चपट्या कृमींवर पाजायचे औषध माहीत असते, ते याच जातीचे.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी या औषधांची परीक्षा घेतली ती एमआरएसए या जिवाणूवर. त्वचेवरच्या गळवांपासून रक्तातल्या विषबाधेपर्यंत त्रास देणारा हा जिवाणू नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना जुमानत नाही. २०१४ साली त्यांनी केसाहून बारीक, मातीतल्या निरुपद्रवी कृमींना हा संसर्ग दिला आणि कोणत्या औषधाने त्या जगतात ते पाहिले. त्यातून क्लोझँटेल पुढे आले. २०१५ साली निक्लोसामाइड आणि ऑक्सिक्लोझॅनाइड यांचाही प्रयोगशाळेत एमआरएसएवर परिणाम दिसला.

हे घडते कसे? जिवाणूच्या पेशीच्या आवरणावर बॅटरीसारखा विद्युतभार साठलेला असतो आणि त्यावर त्याचा कारभार चालतो. निक्लोसामाइड तो भार गळवून टाकते. बॅटरी उतरलेल्या टॉर्चसारखी जिवाणूची अवस्था होते. नेहमीची अँटिबायोटिक वेगळ्या ठिकाणी मार करतात, म्हणून त्यांना सरावलेला जिवाणूही इथे सापडू शकतो.

काही जिवाणूंना मात्र बाहेरून आणखी एक आवरण असते. न्यूमोनिया आणि लघवीचे संसर्ग करणारे क्लेबसिएला, ई. कोलाय हे त्यातले. निक्लोसामाइड एकटे तिथे चालत नाही. आत शिरले तरी जिवाणू ते बाहेर फेकतो. स्पेन आणि कॅनडातल्या संशोधकांनी त्याला कोलिस्टिनची जोड दिली. कोलिस्टिन हे अगदी शेवटी काढायचे हत्यार, पण तेही काही जिवाणूंवर बोथट झाले आहे. प्रयोगशाळेत दोन्ही एकत्र दिल्यावर कोलिस्टिनला न जुमानणारे जिवाणूही नरमले. कोलिस्टिन जपले पाहिजे म्हणून भारत सरकारने २०१९ साली कोंबड्या व इतर पाळीव प्राण्यांच्या खाद्यात त्याचा वापर बंद केला.

काचेतले यश आणि शरीरातले यश

इथे थोडे थांबून विचार करायला हवा. निक्लोसामाइड आतड्यातून रक्तात फार कमी शिरते. जंत आतड्यातच असतो, त्यामुळे तिथे हा गुण ठरतो. पण रक्तातल्या किंवा फुप्फुसातल्या जिवाणूपर्यंत ते पुरेशा प्रमाणात पोचत नाही. म्हणूनच त्वचेवर लावायच्या मलमाच्या रूपात त्याची रुग्णांवर तपासणी झाली. क्लोझँटेलची गोष्ट तर जास्तच सावध करणारी आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिथुआनियात हे जनावरांचे औषध चुकून काही स्त्रियांना दिले गेले आणि त्यांची नजर गेली. सुदैवाने ते अंधत्व तात्पुरते ठरले.

कोरोनाच्या काळातले आयव्हरमेक्टिन आठवा. तेही जंत आणि खरजेचे औषध. काचेच्या बशीत त्याने विषाणूला रोखले, तेवढ्यावर लोकांनी मेडिकलमधून पाकिटेच्या पाकिटे नेली. पुढे मोठ्या चाचण्यांत कोरोनावर त्याचा फायदा दिसला नाही. म्हणून हा लेख वाचून कुणी गळवावर जंताची गोळी घेऊ नये आणि बकरीची बाटली तर मुळीच उघडू नये.

आपल्या घरापुरते

मेट्रोनिडॅझोलच्या गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. जरा जुलाब झाले की ही गोळी घेण्याची आपल्याकडे सवय पडली. आज पोटात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूवर आपल्या देशातल्या बहुसंख्य रुग्णांत ती चालत नाही. म्हणजे दुसरे काम मिळालेले औषधही बेफिकीर वापराने हातचे जाते. निक्लोसामाइडचेही तसे होऊ शकते.

मुलांचे बहुतेक जुलाब विषाणूंमुळे होतात. त्यांना ओआरएस, झिंक आणि नेहमीचे खाणे लागते, अँटिबायोटिक नव्हे. शौचातून रक्त जात असेल, मूल सुस्त झाले असेल, लघवी कमी होत असेल, तर लगेच दवाखाना गाठावा. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. उरलेल्या गोळ्या शेजारणीला देणे ही मदत नव्हे.

रमजानमध्ये आणखी एक चूक घडते. दिवसातून तीन वेळा घ्यायचे अँटिबायोटिक इफ्तार आणि सहरीला घेतले जाते आणि दुपारचा डोस गळतो. काही जण दोन गोळ्या एकदम घेतात. दोन्ही चुकीचे आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की रोजे चालू आहेत. पुष्कळदा दिवसातून एकदा किंवा दोनदा घ्यायचे औषध देता येते. तसे जमत नसेल, तर आजारी माणसाला रोजा पुढे कजा करण्याची सवलत आपल्या दीनने दिलेली आहे. घरातल्या आलिमांना विचारून ती घ्यावी, संकोच करू नये.

चालणारे अँटिबायोटिक ही एका माणसाची मालमत्ता नाही. आज आपण विनाकारण घेतलेली गोळी उद्या कुणाच्या तरी नवजात बाळाच्या उपयोगी पडणार नाही, असे होऊ शकते. ती अमानत आहे आणि अमानतीत खयानत करू नये, हे आपल्याला कुणी वेगळे सांगायला नको.